खालचा आकडा : कोविडनंतरच्या एका धडधडीचं प्रकरण

सप्टेंबर २०२१. वय ४१, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात घरच्या घरी पोळी-भाजी केंद्र. (पाटीवर ‘पोळी’, तोंडात मात्र ‘चपाती’. आमच्याकडे असंच असतं.) सकाळी दीडशे, संध्याकाळी शंभर चपात्या, सगळ्या ओट्यापाशी उभं राहून, सात वर्षं. हातात जाड फाइल, सोबत अकरावीतली मुलगी. तक्रार एका वाक्यात सांगितली : “डॉक्टर, तीस-पस्तीस चपात्या झाल्या की माझी बॅटरीच उतरते.”

मी केसपेपरवर लिहिलं, ‘थकवा’. हे प्रकरण लिहायचं पहिलं कारण तो एक शब्द. बाईंनी मला आजाराची वेळ, जागा, उभं राहणं, उष्णता असं सगळं एका वाक्यात दिलं होतं आणि मी त्यातलं काहीच टिपलं नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. माझ्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

आधीची हकीकत अशी. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट शिगेला होती. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांवर रुग्ण सापडले होते. बाई त्या दिवसांत विलगीकरणात असलेल्या घरांच्या दाराशी डबे ठेवून यायच्या. महिना संपता संपता त्यांनाच ताप आला. चार दिवस ताप, आठवडाभर वास गेलेला, अंगदुखी. ऑक्सिजन ९६च्या खाली कधी उतरला नाही. त्या वेळी जो तो विचारायचा तसा त्यांनाही विचारला गेला, “स्कोअर किती?” छातीच्या सीटीचा स्कोअर २५ पैकी ४ होता. म्हणजे सौम्य. दवाखान्यात भरती नाही, स्टेरॉइड नाही, इंजेक्शन नाही. खाटेसाठी लोक तीन-तीन जिल्हे फिरत होते त्या महिन्यात ‘सौम्य’ हा शब्द नशीब उघडल्यासारखा वाटायचा. घरच्यांनी नारळ फोडला.

मे महिन्याच्या अखेरीस त्या पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहिल्या. जूनपासून धडधड सुरू झाली, मग डोळ्यांपुढे अंधारी, मान-खांदे दुखणं आणि बोलता बोलता शब्द न सापडणं. “मीठ मागायचं असतं आणि मी नुसती डब्याकडं बघत बसते.” सकाळी जास्त, जेवणानंतर जास्त, पाळीच्या दिवसांत सर्वांत जास्त.

फाइलमध्ये काय होतं? ईसीजी : नाडी १०४, बाकी ठीक. इको नॉर्मल. थायरॉइड, साखर, किडनी नॉर्मल. छातीचा एक्स-रे स्वच्छ. हिमोग्लोबिन १०.६. हाती लागलेला वाकडा आकडा तेवढा एकच, म्हणून सगळ्यांनी तोच धरला. ‘रक्त कमी आहे.’ बाईमाणूस दमलंय म्हटल्यावर आपल्याकडे हे निदान तयारच असतं, आणि पुष्कळदा ते खरंही निघतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन १२.२ झालं. धडधड तिथंच. मग पुढच्या चिठ्ठीवर झोपेची गोळी आली आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला. घरात नणंदेचं निदान वेगळं होतं : कामाचा कंटाळा.

मी काय केलं? बी-१२ तपासायला सांगितलं आणि म्हटलं, रोज चालायला लागा, दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवा. कोविडनंतर अंग सैल पडलंय, हळूहळू येईल. हा सल्ला मी त्या वर्षी किती जणांना दिला असेल त्याचा हिशोब नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर त्या परत आल्या. चालण्यानं बरं वाटण्याऐवजी जास्तच बिघडलं होतं. या वेळी मुलीनं एक वही आणली होती. डब्यांच्या हिशोबाची वही, मागच्या पानांपासून लिहिलेली. विलगीकरणात दिवसातून तीनदा ऑक्सिजन लिहून ठेवायला सांगितलेलं असतं, तशी तिनं एप्रिलमध्ये सुरुवात केली होती आणि आई बरी झाली असं सगळे म्हणायला लागल्यावरही थांबवली नव्हती. का, असं विचारलं तर म्हणाली, “सवय लागली.”

दोन रकाने होते. मी सवयीनं पहिला वाचला : ९८, ९८, ९७, ९८. छान. आणि वही मिटत होतो.

तेवढ्यात कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं : ‘ओट्यापाशी’. त्याच्यापुढे दुसऱ्या रकान्यात १३१. त्याच्या वरच्या ओळीत ‘बसून, चहा’, आणि ७६. मी मागची पानं उलटली. ‘कणीक मळताना’ ११८. ‘झोपून’ ७०. ‘कपडे वाळत घालताना’ १२७. ‘देवळात, रांगेत’ १३४, पुढे कंस करून ‘खाली बसली’.

आमच्याकडच्या बहुतेक पल्स ऑक्सिमीटरवर दोन आकडे येतात, ऑक्सिजनचा आणि नाडीचा. २०२१ मध्ये घरोघरी ते यंत्र आलं आणि सगळ्या राज्याला ९४ हा आकडा पाठ झाला. सहा मिनिटं चालून ऑक्सिजन बघायचा, हेही लोकांना पाठ होतं. खालचा, नाडीचा आकडा मात्र कुणी बघत नव्हतं. डॉक्टर बघत होते, पण पेशंटला खुर्चीवर बसवून. चार महिन्यांत या बाईंना चार डॉक्टरांनी तपासलं होतं, माझ्यासह, आणि चौघांनीही बसवून किंवा झोपवून. आजार मात्र उभं राहिल्यावर यायचा.

त्या दिवशी त्यांना शेवटचा नंबर दिला आणि दवाखाना रिकामा झाल्यावर तपासणी केली. साधी चाचणी आहे, पैसे लागत नाहीत. पेशंटला दहा मिनिटं गप्प झोपवायचं, नाडी आणि रक्तदाब घ्यायचा. मग उभं करायचं. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, पाठ भिंतीला टेकलेली, बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. दर मिनिटाला दोन्ही आकडे, दहा मिनिटांपर्यंत. जवळ कुणीतरी उभं हवंच, पेशंट पडू शकतो.

झोपून नाडी ७२, रक्तदाब ११२/७४. उभं राहिल्यावर पहिल्या मिनिटाला ९८. तिसऱ्याला १०९, रक्तदाब ११०/७८. पाचव्याला ११७. बाई बोटांशी चाळा करायला लागल्या, चेहरा पांढरा. सातव्या मिनिटाला मुलगी म्हणाली, “आईचे पाय बघा.” घोट्यापासून खाली पावलं जांभळट झाली होती, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तशी. नवव्या मिनिटाला १२६ आणि “आता पडते”. झोपवलं. दीड-दोन मिनिटांत ८०.

खाटेवर पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, “हेच होतं रोज. हेच मी सगळ्यांना सांगत होते.”

नाडी ५४ नं वाढली, रक्तदाब पडला नाही. प्रौढ माणसात उभं राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढून टिकली, रक्तदाब तेवढा घसरला नाही, आणि त्रास तीन महिन्यांहून जुना असला, तर त्याला पॉट्स (पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी धावणं) म्हणतात. दुसरी कारणं, म्हणजे रक्तक्षय, थायरॉइड, पाणी कमी पडणं, औषधांचे परिणाम, आधी बाजूला काढावी लागतात. यांची बहुतेक निघालेलीच होती.

आत घडतं ते असं. आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या लगेच आवळतात आणि ते वर ढकलतात. हे आवळायचं काम आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचं. ती बिघडली की रक्त खालीच साचतं, हृदयाकडे कमी परत येतं, आणि हृदय बिचारं ठोके वाढवून वेळ मारून नेतं. आता यात तापलेला तवा घाला. उष्णतेनं रक्तवाहिन्या आणखी पसरतात. भरपेट जेवणानं रक्त आतड्यांकडे जातं. म्हणजे एका जागी उभं राहून, गॅसपुढे, घाम गाळत, सकाळच्या वेळी काम करणं! या आजारासाठी याहून वाईट धंदा मला तरी सुचत नाही.

नाव १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून आलं, पण आजार नवा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये असंच चित्र लिहून ठेवलं होतं : ताप किंवा जुलाबाच्या आजारातून उठलेले तरुण, तपासायला हृदय ठीक, आणि थोड्याशा श्रमानं धडधड, चक्कर. पुढे पहिल्या महायुद्धातही हेच दिसलं. सैनिकांना किमान ‘सैनिकाचं हृदय’ असं भारदस्त नाव मिळालं. चपात्या लाटणाऱ्या बाईला ‘टेन्शन’.

कोविडनंतर हे का होतं याचं एकच एक उत्तर अजून नाही. प्रतिकारशक्तीनं स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटणं, विषाणूचे अवशेष शरीरात रेंगाळणं, बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराची इजा, असे तीन-चार धागे आहेत आणि कदाचित प्रत्येक पेशंटमध्ये गुंता वेगळा. ‘लाँग कोविड’ हा शब्दही डॉक्टरांनी दिलेला नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी स्वतःच्या आजारपणाबद्दल लिहिताना तो वापरला आणि जगभरच्या पेशंटांनी उचलला. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ती ६ ऑक्टोबर २०२१ ला : संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, निदान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या आजारानं उलगडत नाहीत अशी लक्षणं. माझी ती तपासणी त्यानंतर जेमतेम आठवड्यानं झाली. बाई व्याख्येच्या आधीपासूनच आजारी होत्या.

‘सौम्य होता ना, मग कसं?’ हा प्रश्न घरच्यांनी विचारला, आणि तो रास्त होता. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दीड लाखांहून जास्त कोविड रुग्णांच्या नोंदी झियाद अल-अली यांच्या गटानं पाहिल्या आणि २०२२ मध्ये छापल्या. भरती न झालेल्यांमध्येही पुढच्या वर्षभरात हृदयाच्या तक्रारींचा धोका वाढलेला दिसला. त्या नोंदी बहुतांश वयस्क गोऱ्या पुरुषांच्या. पॉट्सची ठरलेली पेशंट मात्र पन्नाशीच्या आतली बाई. त्यामुळे तो अभ्यास जसाच्या तसा इथे लावता येत नाही, पण ‘सौम्य म्हणजे संपलं’ एवढं मात्र त्यानं खोडलं.

उपचाराला लागलो. पाणी दिवसाला अडीच ते तीन लिटर, सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच दोन भांडी. मीठ वाढवायचं : ताकात, लिंबाच्या सरबतात, जेवणात. इथे घरात पेच पडला. सासूबाईंना रक्तदाब, त्यांचं आळणी जेवण, आणि गेली दहा वर्षं मीच त्या घराला ‘मीठ कमी करा’ म्हणून दटावत आलेलो. आता त्याच तोंडानं सुनेला दुप्पट मीठ! (कुणी हे वाचून स्वतःच मीठ वाढवू नये. रक्तदाब आणि किडनी बघितल्याशिवाय हा सल्ला घातक ठरू शकतो.) नाडी मंदावणारी गोळी, प्रोप्रॅनोलॉल, १० मिलिग्रॅम दोन वेळा. दमा नाही याची खात्री करून.

आणि लांब, घट्ट पायमोजे. ते मी मोठ्या उत्साहानं लिहून दिले आणि त्यांनी तीन दिवसांत परत आणले. “गॅसपुढं हे घालून तुम्ही उभं राहून दाखवा.” बरोबर होतं. पायांपेक्षा पोट आवळल्यानं जास्त फरक पडतो, कारण साचलेल्या रक्तातलं बरंचसं पोटात असतं. मी तसं म्हटल्यावर सासूबाईंनी कपाटातून बाळंतपणात पोटाला बांधायचा पट्टा काढला. तोच बांधला. कामाला उभं राहताना बांधायचा, आडवं पडताना सोडायचा.

सासूबाईंनी खरं काम पुढे केलं. मी म्हणत होतो, उंच स्टूल घ्या, ओट्यापाशी बसून लाटा. घेतलं, पण ओट्याखाली पाय घालायला जागा नव्हती आणि लाटण्यावर जोर येईना. सासूबाई म्हणाल्या, “आम्ही जल्मभर चुलीपुढं बसूनच भाकरी थापल्या. हे उभं राहून रांधणं तुमच्याच पिढीचं.” दुसऱ्या दिवशी एक शेगडी जमिनीवर आली, पुढे पाट, पोळपाट परातीच्या उंचीला. पाटावर गुडघे मोडून बसलं की पाय-पोट आपोआप दाबले जातात आणि रक्त वर राहतं. उकिडवं बसल्यानं चक्कर थांबते हे पुस्तकात होतंच. ते स्वयंपाकघरात कुठे बसवायचं हे पुस्तकाला ठाऊक नव्हतं. खाली बसून त्यांची नाडी ९५च्या पुढे जाईना.

दोन आठवड्यांत बाई हसायला लागल्या. मी खूश. त्याच खुशीत मी दुसरी चूक केली.

पॉट्ससाठी आडवं किंवा बसून करायचा व्यायाम हळूहळू वाढवत न्यावा, असं लिहिलेलं आहे. मी तसा तक्ता दिला. बाईंनी तक्ता पाळलाच, शिवाय बरं वाटतंय म्हणून फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. २८ ते ३१ ऑक्टोबर, चार दिवस चकल्या, करंज्या, शंकरपाळे. बसून, पट्टा बांधून, ताक पीत, सगळे नियम पाळून. वहीतला नाडीचा रकाना चारही दिवस शंभराच्या आत. २ नोव्हेंबरला सकाळी त्यांना कूस बदलता येईना. घसा दुखतोय, अंग ठेचल्यासारखं, उजेड सहन होत नाही, मुलीचं बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. पुन्हा कोविड असेल म्हणून तपासलं, निगेटिव्ह. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या अंधाऱ्या खोलीत पडून होत्या. उठून बसायला तीन आठवडे लागले.

हा पॉट्स नव्हता, किंवा नुसता पॉट्स नव्हता. श्रमानंतर लगेच न येता एक-दोन दिवसांनी कोसळणं, आणि श्रमाच्या मानानं कितीतरी जास्त कोसळणं, ही लाँग कोविडची दुसरी खूण त्यांच्यात होती. सप्टेंबरमध्ये चालणं वाढवल्यावर त्या बिघडल्या होत्या तेव्हाच मला ती दिसायला हवी होती. गंमत बघा, ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनं अशाच लक्षणांच्या जुन्या थकव्याच्या आजारात, एमई नावानं तो ओळखला जातो, पायरी-पायरीनं व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला मागे घेतला तो २९ ऑक्टोबर २०२१ ला. त्या दिवशी इथे चकल्यांचा घाणा चालू होता आणि माझा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला होता.

त्यामागचं स्नायूंमधलं चित्र नंतर दिसलं. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविडचे २५ आणि निरोगी २१ जण घेतले, त्यांना सायकल मारायला लावली, आणि आधी व दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. जानेवारी २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पेशंटांच्या स्नायूंत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा श्रमानंतर आणखी मंदावलेली आणि स्नायूंची इजा वाढलेली होती. हा नुसता आळसावलेला स्नायू नव्हता. हे वाचल्यावर मी बाईंना फोन केला आणि सांगितलं. त्या म्हणाल्या, “नणंदेला सांगते.”

डिसेंबर २०२१ पासून तक्ता उलटा केला. किती वाढवायचं यापेक्षा कुठे थांबायचं हे ठरवायचं. वीस मिनिटं काम, वीस मिनिटं आडवं, पाय पिठाच्या डब्यावर. बरं वाटत असलं तरी थांबायचं, आणि खरी अवघड गोष्ट तीच. दमल्यावर विश्रांती कोणीही घेतो. अंगात दम असताना, परातीत कणीक तयार असताना, दारात गिऱ्हाईक असताना उठून आडवं होणं म्हणजे घरच्यांसमोर तमाशा. वहीत आता तिसरा रकाना आला, ‘परवा’. आज केलेल्या कामाची नोंद दोन दिवसांनी पूर्ण व्हायची. दोन महिन्यांत हिशोब निघाला : एका बैठकीला साठ चपात्या चालतात, ऐंशीला ‘परवा’ वाईट जातो. पहिल्यांदाच आमच्याकडे डोस ठरला, आणि तो मिलिग्रॅममध्ये नव्हता.

अडीचशेच्या एकशे वीस झाल्या म्हणजे उत्पन्न निम्म्याहून खाली, कारण गॅस आणि भाडं निम्मं होत नाही. एक मदतनीस बाई ठेवली, तिचा पगार गेला. मुलीचं अकरावीचं वर्ष आईच्या पाटाशेजारी गेलं. कागदोपत्री या आजाराला कसलीच सोय नाही. फाइल उघडली तर अजूनही सगळे रिपोर्ट नॉर्मल.

औषधांबद्दल लोक फार विचारतात. बाईंनीही विचारलं, व्हॉट्सॲपवर आलेल्या अर्धा डझन गोष्टींबद्दल. मूळ आजार मुळापासून घालवणारं सिद्ध औषध अजून नाही. स्टॅनफर्डमध्ये १५५ पेशंटांना पंधरा दिवस पॅक्सलोव्हिड हे कोविडच्या विषाणूवरचं औषध किंवा खोटी गोळी देऊन पाहिलं, फरक पडला नाही. मधुमेहाचं आपलं जुनं, स्वस्त मेटफॉर्मिन ताज्या कोविडमध्ये दिलं तर पुढे लाँग कोविड होण्याचं प्रमाण कमी झालेलं एका चांगल्या चाचणीत दिसलं, १०.४ टक्क्यांवरून ६.३. पण ते आधी द्यायचं, ताप आलेला असताना. बाईंसाठी ती गाडी केव्हाच सुटली होती.

जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेत पुन्हा कोविड झाला. दोन दिवस ताप, आणि साठाच्या चाळीस चपात्या झाल्या. मार्चमध्ये परत साठ. मग उन्हाळा आला, सांगलीचा उन्हाळा, आणि पुन्हा चाळीस. २०२३ च्या मध्यावर प्रोप्रॅनोलॉल बंद करता आलं. शब्द आता सापडतात, पाहुणे असले की अजून अडखळतात.

गेल्या वेळी आल्या तेव्हा पुन्हा भिंतीशी उभं केलं. झोपून ७०, दहाव्या मिनिटाला ९६. फरक २६. पावलं फिकट गुलाबी. नियमानं बघायचं तर आता हा पॉट्स नाही, मी तसं सांगितलं. मुलगी, आता कॉलेजात, वहीत लिहून घेत होती.

“मग यंदा फराळाची ऑर्डर घेऊ?” बाईंनी विचारलं.

मी गप्प बसलो. या प्रश्नावर माझं उत्तर एकदा चुकलेलं आहे.

“फक्त करंज्या,” त्याच म्हणाल्या. “दिवसाला दोन किलो. लाटायच्या, भरायच्या, सगळं पाटावर. तळायला नणंद येणार आहे.”